केशवरावांच्या रिमोटवर आमची मोटार

केशवराव लांजेवार आमचे शेजारी. रिटायर्ड पटवारी. सकाळी आठ वाजता चहाचा कप खाली ठेवायचा, अंगणातूनच रिमोटचं हिरवं बटन दाबायचं आणि एक किलोमीटरवरच्या शेतातली आपली मोटार सुरू करायची, हा त्यांचा नेम. याबद्दल माझी काही तक्रार असायचं कारण नव्हतं. पण त्याच क्षणाला शेजारच्या शेतातली माझीही मोटार सुरू व्हायची.

दोघांनी तुमसरच्या एकाच दुकानातून, एकाच दिवशी, एकाच खोक्यातून काढलेली दोन रिमोटं घेतली होती. दोन्हींचा इशारा एकच. मी दुकानदाराला फोन केला तर तो म्हणाला, "सर, मोटार सुरू होते ना? मग तक्रार काय?" केशवराव तर खूशच होते. "सर, तुमाले बटन दाबाचा तरास वाचला. मी हाव ना!" असं म्हणून ते मला उपकाराखाली ठेवायचे. संध्याकाळी मी माझी मोटार बंद करायला जायचो, तर त्यांचीही बंद पडायची. मग ते पुन्हा सुरू करायचे. आम्ही दोघं आपापल्या अंगणात उभे राहून एक महिना हा खेळ खेळलो.

आता मी कोण, ते सांगायला हवं. मी सुगत शहारे. मोहाडीच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात बावीस वर्षं इलेक्ट्रॉनिक्स आणि सी भाषा शिकवतो. माझं एक वाक्य विद्यार्थ्यांत प्रसिद्ध आहे: "नीट लिहिलेला प्रोग्राम कोणत्याही यंत्रावर एक अक्षर न बदलता चालला पाहिजे." मुलं हे वाक्य माझ्या आवाजात म्हणून दाखवतात, असं ऐकून आहे. माझी विहिरीजवळ चार बांध्यांची, म्हणजे चार खाचरांची, धानाची शेती आहे. ती रुखमिणीबाई बटईनं करतात. अर्धा धान आमचा, अर्धा त्यांचा. आमच्या घरी तो अर्धा नसला तर आम्ही दुकानातून तांदूळ आणू. रुखमिणीबाईंच्या घरी तो अर्धा म्हणजे वर्षभराचं जेवण आहे.

ठिणगी पडली ती युरियावरून. मी संध्याकाळी फोन करून सांगितलं, "बाई, उद्या सकाळी पहिल्या बांधीत युरिया टाका." त्यांनी टाकला. आठ वाजता केशवरावांनी चहा संपवला. माझी मोटार सुरू झाली, पाणी धो धो बांधीत शिरलं आणि सगळा युरिया घेऊन शेजारच्या नाल्यात गेलं. मी धावत पोचलो तर युरिया विहिरीला लागून असलेल्या बांधीत टाकलेला!

"पहिल्या बांधीत सांगितलं होतं ना मी?" मी म्हणालो.

"मंग हेच तं हाय पयली."

"ही चौथी! पहिली ती, रोडच्या बाजूची. तिथं टाकला असता तर पाणी पोचायला तास लागला असता. मी येऊन मोटार बंद केली असती."

"सर, पाणी इकडून येते. जिथून पाणी येते तिथून पयली. रोडवरून तं फक्त तुमी येता."

मी त्यांना अंकगणिताबद्दल थोडं बोललो. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बांध्याची गोष्ट जाऊ द्या. त्या पटवाऱ्याच्या बटनाचा कायतरी बंदोबस्त करा. धान निसवाले आला हाय." धान निसवणं म्हणजे लोंब्या बाहेर पडणं. त्या दिवसांत पाणी मोजून-मापून लागतं. जास्त झालं तर खत जातं आणि कमी झालं तर लोंबीत दाणाच भरत नाही.

दुसरं रिमोट आणणं हा सरळ मार्ग होता. माझी बायको रुचिता जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे आणि सरळ मार्ग तिला लगेच दिसतात. "दुसऱ्या कंपनीचं रिमोट घ्या ना," ती म्हणाली. पण हा आता इभ्रतीचा प्रश्न झाला होता. आज केशवराव, उद्या आणखी कोणी! बावीस वर्षं ज्या माणसानं सी शिकवली, त्याची मोटार कोणीही येऊन सुरू करावी? मी तिथल्या तिथे जाहीर करून टाकलं की माझ्या मोटारीला मी गुप्त भाषेत हुकूम देईन. ती भाषा अख्ख्या भंडारा जिल्ह्यात फक्त मी आणि माझी मोटार बोलू.

या गुप्त भाषेला ब्लॉक सायफर म्हणतात. निरोपाचे आठ-आठ अक्षरांचे तुकडे पाडायचे आणि प्रत्येक तुकडा एका गुप्त किल्लीबरोबर बत्तीस वेळा घुसळायचा. मोटारीजवळचं यंत्र तेच उलट बत्तीस वेळा करून मूळ अक्षरं काढतं. हे मी रुचिताला समजावलं.

"म्हणजे कणीक मळायची आणि मग त्याचं परत पीठ करायचं?"

"अगदी बरोबर."

"मग मळायचीच कायले?"

सर्वसामान्य माणसाला काही गोष्टी सांगू नयेत, हे मला त्या दिवशी कळलं. मी बाबासाहेबांच्या फोटोखालच्या टेबलावर लॅपटॉप ठेवला आणि कामाला बसलो. तयार काही वापरायचं नाही, सगळं हातानं लिहायचं, अशी प्रतिज्ञाच होती. निरोपही मी असा शोधला की मला स्वतःचं कौतुक वाटलं. इंग्रजी अक्षरांत 'पाणीसोड' लिहिलं की पी-ए-ए-एन-आय-एस-ओ-डी, मोजून आठ! 'बंदकरा' लिहिलं तरी आठ! निसर्गाचीच इच्छा होती.

मोटारीजवळ ठेवायला यंत्र हवं होतं. ते मी आमच्या प्रयोगशाळेतून, वीस वर्षं वापरून निर्लेखित झालेल्या सामानातून, रीतसर अर्ज करून मिळवलं. वहीएवढी पाटी, वर छोटासा पडदा, आलेला निरोप त्यावर दिसतो. जुनं होतं, पण जुनं असणं हा गुन्हा नाही. मीही बावीस वर्षं जुनाच आहे. लॅपटॉपवर लिहिलेला प्रोग्राम त्याच्यात तसाच्या तसा भरला, एक अक्षर न बदलता. रविवारी वायरमन प्रविणला घेऊन शेतावर गेलो आणि मोटारीच्या पेटीतलं जुनं रिमोटचं सामान काढून माझं यंत्र बसवलं. पेटीवरचं हिरवं बटनही काढून टाकलं. त्या भोकात मी स्वतःच्या हातानं एम-सील भरलं. बटन असलं तर गुप्त भाषेला अर्थ काय?

"सर, बटन राहू द्याचं होतं," प्रविण म्हणाला.

"कायले?"

"असंच. बटन असलं म्हंजे बरं वाटते."

मी हसलो. ते हसणं मला पुढे चार दिवस आठवत राहिलं.

ती पेटी आम्हाला धानदीप शेतकरी सहकारी संस्थेच्या योजनेतून मिळालेली. पेटीत बदल केला तर संस्थेला कळवावं, असा नियम. हा नियम आजवर कोणी पाळला नव्हता. मी पाळला, आणि कळवण्याआधी यंत्र चालवायचंही नाही असं ठरवलं. सोमवारी अर्ज घेऊन गेलो. तिथल्या लिपिक चंद्रकांताबाई. त्यांनी अर्ज दोनदा वाचला.

"सर, इथं तुम्ही लिहिलं, यंत्र गुप्त किल्लीनं चालते. किल्ली जोडली नाही."

"ती लोखंडाची नाही, ताई. सोळा अक्षरं आहेत."

"मग ती अक्षरं जोडा. दोन साक्षांकित प्रती."

"अहो, ती गुप्त आहे!"

"सर, ऑफिसच्या कपाटात राहील. कोणाच्या बापाला दिसणार नाही." मी कपाटाकडे पाहिलं. त्याचं दार सुतळीनं बांधलेलं होतं.

पाऊण तास वाद झाला. शेवटी मी सोळा अक्षरं कागदावर लिहिली, आमच्या प्राचार्यांकडून साक्षांकित करून आणली आणि पाकिटात बंद करून दिली. प्राचार्यांनी सही करताना ती अक्षरं मोठ्यानं वाचली, स्टाफरूममध्ये. मी मनातल्या मनात किल्ली बदलायचं ठरवलं.

मंगळवारी संस्थेचा शिपाई शेतावर आला आणि पेटीला लाखेचं सील ठोकून कागद चिकटवून गेला: 'अर्जावर निर्णय होईपर्यंत पेटी उघडू नये.' मी हादरलोच. जुनं सामान निघालेलं, बटन गेलेलं, पेटी बंद. प्रविणनं हात जोडले, "सर, सील तोडाचं काम मले नोका सांगू. माह्या लायसनचा सवाल हाय." त्यात पाऊस दसऱ्याआधीच गायब झाला होता आणि रविवारपासून बांध्यांत थेंब गेला नव्हता.

इथे केशवरावांनी आयुष्यातला एकच उपयोगी सल्ला दिला. पटवारीपणाची सगळी वर्षं पणाला लावून त्यांनी तो कागद चष्मा वर-खाली करत वाचला आणि म्हणाले, "सर, पेटी उघडू नये लिवलं हाय. मोटार सुरू करू नये, असं लिवलं काय? न उघडता सुरू करा ना!"

खरंच की! प्रोग्राम भरायची एक वायर मी पेटीच्या बाहेर काढून ठेवलेली होती. नवी किल्ली तिच्यातूनच भरता येणार होती. मी छाती फुगवून रुखमिणीबाईंना सांगितलं, "उद्या सकाळी पाणी."

बुधवारी सकाळी विहिरीजवळच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, पंचवीस-तीस लोक जमले. मी बोलावलं नव्हतं. केशवरावांनी बोलावलं होतं. रुचितानं डबाभर आलुबोंडे दिलेले. मी बाभळीखाली लॅपटॉप उघडला, अँटेना लावला, दोन शब्द बोललो (गुप्त भाषेचा इतिहास, थोडक्यात, पंधरा मिनिटं) आणि लॅपटॉपचं बटन दाबलं. लोक पेटीच्या काचेतून आत पाहू लागले. पडद्यावर 'पाणीसोड' यायला हवं होतं. तिथे एक उद्गारचिन्ह, दोन चौकोन, एक वाकडी रेघ आणि एक झेड उमटला. मोटार गप्प.

"चिनी भाषा हाय काय, सर?" कोणीतरी विचारलं.

"मोटार इंग्रजी मीडियमची नसन," दुसरा म्हणाला. आलुबोंडे मात्र संपले.

मी दिवसभर तिथे बसून चूक शोधली आणि शोधलीच. माझ्या लॅपटॉपच्या एका आकड्यात चार कप्पे मावतात, त्या जुन्या यंत्राच्या आकड्यात दोनच. पायलीत मी खंडीभर धान ओतत होतो आणि उरलेलं बाहेर सांडत होतं. मी दोन्हीकडे सक्तीनं चार कप्प्यांचा आकडा ठरवून दिला. गुरुवारी पुन्हा बटन दाबलं. या वेळी पडद्यावर तीन चौकोन, एक टक्केवारीचं चिन्ह आणि क्यू आला.

"कालच्यापेक्षा वेगळं आलं. ही प्रगती आहे," मी सांगितलं.

केशवराव म्हणाले, "सर, तुमच्या यंत्राले कोणाची तरी नजर लागली. आमच्या घरच्या मालनबाईले सांगून मिरच्या ओवाळून टाकतो." त्यांनी खरंच टाकल्या. मला ठसका लागला, मोटारीला काही झालं नाही.

चक्रावणारी गोष्ट अशी, की लॅपटॉपनं स्वतःच लिहिलेला गुप्त निरोप स्वतः वाचला की तो अचूक वाचत होता. पेटीतलं यंत्रही स्वतःचं लिहिलेलं स्वतः बिनचूक वाचत होतं. दोघांना एकमेकांचं मात्र कळत नव्हतं. दोघंही खरे आणि तरी मोटार बंद. त्या संध्याकाळी घरी आलो तर फाटकात दोन विद्यार्थी उभे होते. त्यातला एक माझ्या आवाजात म्हणत होता, "एक अक्षर न बदलता..." मला पाहून पळाले.  

शुक्रवारी मी पोचलो तेव्हा बांध्यांना भेगा पडायला सुरुवात झाली होती. करंगळी जाईल एवढ्या. आणि रुखमिणीबाई विहिरीतून दोरानं बादली ओढून पाणी बांधीत ओतत होत्या. एक बादली. मग दुसरी. भेग ते पाणी गट्ट करायची आणि पुन्हा कोरडी व्हायची. मी म्हणालो, "बाई, असं बादलीनं कुठं होते काय?"

त्यांनी बादली खाली आपटली. "मंग कशानं होते? तुमच्या लॅपटॉपनं? पाच दिस झाले, सर! पाच दिस! जुलैत चिखलात वाकून वाकून रोवलं म्या हे. तुमी शिकले-सवरले, तुमची अक्कल चालून राहिली, चालू द्या. पण माह्या लोंब्या वाळून राहिल्या ना! हे पोचट झालं तं मी पोराईले काय खाऊ घालू, तुमची गुप्त भाषा?"

बावीस वर्षांत मला इतकं कोणी बोललं नव्हतं. आणि त्यातलं एक अक्षर चूक नव्हतं. मला खूप लाज वाटली, डोळ्यांत पाणी यायचंच राहिलं. मी लॅपटॉप बाजूला ठेवला, पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडली, दुसरी बादली भरून घेतली आणि चालू लागलो. इभ्रत राखायची तर निदान पहिल्या बांधीत चार बादल्या तरी घालू, म्हणून तडक निघालो. दोन बांध्या ओलांडल्या. निम्मं पाणी पायावर सांडलं.

मागून आवाज आला, "सर! तिकडं काहून घेऊन जाऊन राहिले? पयली बांधी इकडं हाय!"

मी बादली घेऊन धुऱ्यावर तसाच उभा राहिलो. मी रोडकडून मोजतो: एक, दोन, तीन, चार. त्या विहिरीकडून मोजतात: एक, दोन, तीन, चार. बांध्या त्याच. धान तोच. माझी पहिली ती त्यांची चौथी. दोघंही आपापल्या जागी खरे आणि युरिया नाल्यात!

चार बांध्या. चार कप्पे.

"बाई!" मी ओरडलो. "मोटार तुमच्यासारखं मोजते!"

"काय झालं सरले?" त्यांनी धुऱ्यावरच्या केशवरावांना विचारलं.

"ऊन लागलं," केशवराव म्हणाले.

ऊन लागलं नव्हतं. माझा लॅपटॉप आकड्याचे चार कप्पे एका टोकाकडून भरत होता आणि ते जुनं यंत्र दुसऱ्या टोकाकडून. मी चारही कप्पे एकदम उचलून यंत्राच्या हवाली करत होतो आणि पहिला कोणता हे त्याच्यावर सोडत होतो. मी बादली टाकली आणि चिखलाच्या पायानं धावत बाभळीखाली आलो. आता प्रत्येक अक्षर हातानं उचलून सांगायचं होतं: हा पहिला कप्पा, हा दुसरा, हा तिसरा, हा चौथा. यंत्र कोणतंही असो, मोजायचं एकाच बाजूनं. चार ओळींचं काम. वर मी मराठीत शेरा लिहिला: 'विहिरीकडून मोजावे.' घाईत तीनदा चुकलो, एकदा लॅपटॉपवरून मुंगळा चालत गेला आणि त्यानं एक अर्धविराम दाबला, तोही काढला. शेतीची वीज त्या आठवड्यात चार वाजता जायची. साडेतीन होऊन गेले होते. वायर जोडली, प्रोग्राम दोन्हीकडे भरला, तोच, एक अक्षर न बदलता. आणि बटन दाबलं.

काचेतून रुखमिणीबाई पाहत होत्या. त्यांना इंग्रजी अक्षरं येत नाहीत. त्या म्हणाल्या, "सर, आज चौकोन नाई आले."

पेटीत खट् झालं. मोटार घुमली. पाइपातून आधी हवा आली, मग गढूळ पिचकारी आणि मग मनगटाएवढी धार थेट रुखमिणीबाईंच्या पहिल्या बांधीत पडली. केशवरावांनी लगेच खिशातलं रिमोट काढून दाबून पाहिलं. त्यांची मोटार सुरू झाली, माझी तशीच चालत राहिली. त्यांनी बंद केली. माझी चालूच! "अरे वा," ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा थोडा पडला, कारण माझ्यावरचा उपकार संपला होता. रुखमिणीबाई बांधीत उतरल्या. धारेखाली हात धरून उभ्या राहिल्या. चार वाजता वीज गेली तोवर पहिल्या बांधीतल्या भेगा मिटल्या होत्या. दुसऱ्या दिवशी उरलेल्या तीनही मिटल्या.

वर्गात मी आता माझं वाक्य जरा बदलून सांगतो: "प्रोग्राम कुठेही चालेल, पण मोजायचं कुठून ते आधी ठरवा." मुलं हेही माझ्या आवाजात म्हणतात, पण या वेळी मला राग येत नाही.

पंधरा दिवसांनी संस्थेत गेलो तर माझी सोळा अक्षरांची गुप्त किल्ली नोटीस बोर्डावर टाचणीनं लावलेली. वर लिहिलेलं, 'हरकती व सूचना मागवण्यात येत आहेत.' चंद्रकांताबाई म्हणाल्या, "नियम आहे, सर. एकच हरकत आली." ती केशवरावांची होती: किल्ली पाठ व्हायला फार अवघड आहे, सोपी ठेवावी. मी किल्ली आधीच बदलली होती, म्हणून मोठ्या मनानं हसलो. दोन दिवसांनी मंजुरी आली, सील निघालं. मी एम-सील खरवडून काढलं आणि प्रविणकडून हिरवं बटन परत बसवून घेतलं. बटन असलं म्हणजे बरं वाटतं.

धान कापणीला यायच्या आधीचं ते शेवटचं पाणी होतं. सकाळी मी गच्चीवर उभा राहून लॅपटॉपवरून मोटार सुरू केली आणि थोड्या वेळानं रुखमिणीबाईंना फोन लावला.

"पहिल्या बांधीत पाणी पोचलं काय, बाई?"

"कोणाची पयली, सर? तुमची का माही?"

गच्चीवरून रोड दिसतो. विहीर दिसत नाही.

"तुमचीच," मी म्हणालो.

"मंग पोचलं."